भयपटाचं नाव कोणत्या अक्षरांत?

पोलादनगरी भिलाईत जन्मलेल्या अनुराग बसूंनी ‘साया’ (२००३) हा गूढपट केला. आज तिथल्याच हौशी मंडळींनी भयपट करायला घेतला, तर नावासाठी फॉन्ट कोणता निवडावा?

रक्त ओघळणारी अक्षरं हा पहिला मोह. तो आवरा, भीती आकारातूनही येते. मोशे बार आणि मायटल नेटा यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं, की गोलसर वस्तूंपेक्षा टोकदार वस्तू पाहताना अमिग्डाला, म्हणजे धोक्याची दखल घेणारा मेंदूचा भाग, जास्त सक्रिय होतो.

दुसरा मार्ग ओळखीचं रूप मोडण्याचा. ‘सायको’साठी (१९६०) सॉल बास यांनी साध्या, ठळक अक्षरांचे आडवे तुकडे करून ते सरकवले. ‘सेव्हन’साठी (१९९५) काइल कूपर यांनी अक्षरं हातानं खरवडली. ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) मात्र नावं हेल्व्हेटिका या स्वच्छ फॉन्टमध्ये वर सरकतात, अस्वस्थ करतात ते संगीत आणि आकाशातून टिपलेला एकाकी रस्ता.

देवनागरीत हुकमी पान म्हणजे शिरोरेखा. ती तुटली, तिरकी झाली की शब्द डळमळतो. पण जपून! शिरोरेखेतल्या फटीमुळेच ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखू येतात. अक्षराच्या माथ्यावर रेघ तोडली, तर ‘घर’चं ‘धर’ होईल. म्हणून दोन अक्षरांमधली रेघ तोडा. अनुस्वार आणि रफार शाबूत ठेवा.

शेवटी शीर्षक मोबाइलवर दोन सेकंद कुणाला तरी दाखवा. नाव वाचता आलं नाही, तर फॉन्ट बदला.