नोकरी बदलताना पीएफ काढायचा का? कर कायदा बदललाय, हिशोब पुन्हा मांडा

(या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले काही ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढच्या भागावर उडी मारतील. विषय आहे रिटायरमेंट. वय वर्षं चोवीस, पंचवीस, आणि हा रिटायरमेंटबद्दल बोलतोय! पण थांबा. आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: ‘नोकरी बदलतोय, जुन्या कंपनीतला पीएफ काढून घेऊ का?’ कोणाला बाइक घ्यायची असते, कोणाला फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं असतं, कोणाला नुसतंच वाटतं की आपलेच पैसे आहेत, अडकवून कशाला ठेवायचे.

याचं उत्तर द्यायचं तर आधी गेल्या दहा वर्षांत सरकारने या पैशांवरच्या कराचे नियम कसे बदलले ते बघावं लागेल. कारण आपल्या आईवडिलांनी बचत केली त्यामागे एक मोठं कारण होतं, करबचत. आपल्यातल्या बहुतेकांसाठी ते कारण आता उरलेलंच नाही.

तीन टोलनाके

कर कायद्याच्या नजरेतून बघा. रिटायरमेंटसाठी ठेवलेला पैसा तीन नाक्यांवरून जातो. पहिला नाका, पैसे आत जाताना: पगारातून पीएफ कापला, त्या रकमेवर कर लागणार का? दुसरा, पैसे आत असताना: दरवर्षी व्याज मिळतं, त्यावर कर? तिसरा, पैसे बाहेर येताना: शेवटी सगळी रक्कम हातात आली, तेव्हा कर?

पीएफला अनेक वर्षं तिन्ही नाक्यांवर माफी होती. पगारातून पीएफ कापला की जुन्या कायद्याच्या कलम ८०सी खाली वजावट मिळायची. २०१४ पासून तिची मर्यादा दीड लाख आहे. व्याज करमुक्त, आणि शेवटची रक्कमही करमुक्त. मार्च जवळ आला की एचआरचा मेल यायचा, ‘गुंतवणुकीचे पुरावे जमा करा’. मग धावपळ करून कोणी एलआयसीची पॉलिसी घ्यायचं, कोणी पीपीएफमध्ये पैसे टाकायचं. कर वाचवायच्या नादात का होईना, बचत व्हायची.

सरकारने कुठे कुठे हात लावला

२०१६ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी तिसऱ्या नाक्याला हात घातला. १ एप्रिल २०१६ नंतर जमा होणाऱ्या पीएफपैकी ६० टक्के रक्कम काढताना करपात्र धरायची, मात्र त्या रकमेतून पेन्शन विकत घेतली तर सूट, असा प्रस्ताव होता. देशभर ओरड झाली. ८ मार्चला, म्हणजे आठ-नऊ दिवसांतच, लोकसभेत तो मागे घेतला गेला.

त्यानंतर सरकारने सगळ्यांना एकदम न दुखावता वरच्या टोकाकडून सुरुवात केली. २०२० मध्ये ठरलं की कंपनी तुमच्या नावाने पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांपेक्षा जास्त भरत असेल, तर वरच्या रकमेवर कर. २०२१ मध्ये ठरलं की तुमचा स्वतःचा पीएफ हप्ता वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला, तर त्या वरच्या रकमेच्या व्याजावर कर. घाबरू नका. १२ टक्क्यांनी अडीच लाख कापले जायला महिन्याचा बेसिक जवळपास पावणेदोन लाख लागतो. तेवढा असेल तर आधी तुमचं अभिनंदन, मग पुढचं बोलू.

खरा बदल मात्र फारसा गाजावाजा न होता आला. २०२० च्याच बजेटमध्ये ‘नवी कर प्रणाली’ आली: दर कमी, पण ८०सी सारख्या वजावटी नाहीत. तेव्हा ती ऐच्छिक होती. २०२३ च्या बजेटने तीच मूळ प्रणाली केली, म्हणजे तुम्ही काही निवडलं नाही तर हीच लागू. आणि २०२५ च्या बजेटने या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. पगारदारांना ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाख.

याचा अर्थ काय? तुमचा पगार वर्षाला सहा, आठ, दहा लाख असेल, तर कर शून्य. पीएफ भरा, नका भरू, पीपीएफ काढा, नका काढू, कर शून्यच. पहिल्या नाक्यावर आता टोलच नाही, त्यामुळे माफीचंही कौतुक नाही. एचआरचा मार्चमधला तो मेलही येईनासा होतो. ऐकायला छान वाटतं. पण ज्या एका गोष्टीमुळे आधीची पिढी मारूनमुटकून बचत करत होती, ती गोष्ट गेली.

(१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू होतो. कलमांचे नंबर बदलतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओत ऐकलेला ‘८०सी’ नव्या फॉर्मवर शोधत बसू नका.)

एक वजावट शिल्लक आहे, पण ती कंपनीच्या हातात

नव्या प्रणालीत रिटायरमेंटसाठी एक मोठी वजावट टिकलीय. कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात जे पैसे भरते, त्यावर. जुलै २०२४ च्या बजेटने खासगी नोकरदारांसाठी याची मर्यादा बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १० टक्क्यांवरून १४ टक्के केली, फक्त नव्या प्रणालीत. तुम्ही स्वतः भरलेल्या एनपीएसला मात्र इथे वजावट नाही.

हिशोब करू. समजा कंपनीचा पीएफ हिस्सा सोडून पगार वर्षाला १५ लाख, त्यातला बेसिक साडेसात लाख. एनपीएस नसेल तर ७५ हजार वजा करून उत्पन्न १४ लाख २५ हजार. २०२५-२६ च्या दरांनी सेस धरून कर ९७,५०० रुपये. आता याच पगारातले १४ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार, कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये वळवले. कर होतो ८१,१२० रुपये. १६,३८० रुपये वाचले. पण ते १ लाख ५ हजार हातात येत नाहीत, निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात. निवृत्तीच्या वेळी एनपीएसमधली ६० टक्क्यांपर्यंतची रक्कम एकरकमी करमुक्त मिळते. उरलेल्या पैशातून जी पेन्शन सुरू होते, ती त्या त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते.

तुमचा पगार १५ लाखांच्या आसपास किंवा वर असेल, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला एक प्रश्न विचारा: ‘सीटीसीमध्ये कंपनीकडून एनपीएसचा पर्याय आहे का?’ पगार १० लाख असेल तर करासाठी याचा आत्ता काही उपयोग नाही.

आता मूळ प्रश्न: पीएफ काढू का?

पहिली गोष्ट कराची. पाच वर्षं सलग सेवा पूर्ण होण्याआधी पीएफ काढला, तर तिसऱ्या नाक्यावर टोल लागतो. कंपनीचा हिस्सा आणि व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. तुमचं वर्षाचं उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर रिटर्न भरून हा टीडीएस परत मिळतो, पण रिटर्न भरावा लागतो.

इथे एक महत्त्वाचं: पाच वर्षं एकाच कंपनीत काढायची गरज नाही. पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीतली वर्षंही मोजली जातात. तीन कंपन्यांत मिळून पाच वर्षं झाली तरी चालतं. आणि यूएएन आधारशी नीट जोडलेला असेल, तर जानेवारी २०२५ पासून बऱ्याच प्रकरणांत ट्रान्सफरसाठी कंपनीची मंजुरी लागत नाही. फोनवर बसल्या बसल्या होतं.

दुसरी गोष्ट पेन्शनची. नोकरीला लागताना बेसिक १५ हजारांच्या आत असेल, तर कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. तिथे दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. दर नोकरीनंतर पेन्शनचाही पैसा काढून घेतला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

तिसरी गोष्ट ऑक्टोबर २०२५ ची. ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याची १३ वेगवेगळी कारणं तीन गटांत बसवायचा निर्णय घेतला. गरजेला बरीचशी रक्कम काढता येईल, पण २५ टक्के खात्यात ठेवायचे. नोकरी गेल्यावर सगळा पीएफ काढायला आधी दोन महिने थांबावं लागायचं, ते बारा महिने करायचं ठरलं. यावर सोशल मीडियावर बराच राग निघाला, आणि त्यात तथ्य आहे. पैसे आपले आहेत, नोकरी गेलेल्या माणसाला वर्षभर थांब म्हणणं सोपं नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे: दर दोन वर्षांनी खातं रिकामं केलं तर साठीला हातात काय राहणार?

आकडा बघा. ८ टक्क्यांनी पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो. (२०२३-२४ आणि २०२४-२५ साठी पीएफचा दर ८.२५ होता. पुढे बदलू शकतो, म्हणून ८ धरू.) चोविसाव्या वर्षी तुमच्याकडे एक लाख आहेत. तेहतिसाव्या वर्षी दोन, बेचाळिसाव्या वर्षी चार, एक्कावन्नाव्या वर्षी आठ, साठाव्या वर्षी सोळा लाख. खोटी आशा नको म्हणून हेही सांगतो: महागाई ६ टक्के धरली तर त्या सोळा लाखांची किंमत आजच्या दोन लाखांएवढी. म्हणजे कोणी श्रीमंत होत नाही. पण पैसा महागाईच्या पुढे राहतो, आणि बाइक तोपर्यंत भंगारात गेलेली असते.

पीएफ नसेल त्यांनी काय करायचं?

फ्रीलान्सर, छोट्या दुकानात काम करणारे, डिलिव्हरीवाले मित्र ऐकत असतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची पहिल्यांदा कायद्यात दखल घेतलीय. अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची, अशी तरतूद आहे. पण ते तुमचं स्वतःचं पीएफ खातं नव्हे. त्यासाठी पीपीएफ आहे. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. नव्या प्रणालीत भरताना वजावट नाही, पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम आजही करमुक्त आहे. तीनपैकी दोन नाके अजून मोकळे आहेत.

थोडक्यात

नोकरी बदलली की आधी पीएफ ट्रान्सफर करा. यूएएन, आधार, पॅन आजच तपासा. काढायची वेळ आलीच, तर नोकरी गेलीय, घरात आजारपण आहे, अशा कारणासाठी काढा. आणि कर शून्य झाल्यामुळे हातात जे जास्त राहतं, त्यातला एक भाग पगाराच्याच दिवशी बाजूला जाईल अशी सोय लावा. सरकारने ढकलायचं थांबवलंय. आता ढकलायचं काम आपल्यालाच करावं लागणार.

हा भाग माहितीसाठी आहे. मोठा निर्णय घ्यायच्या आधी तुमच्या सीएला विचारा. आणि ज्या मित्राने परवाच राजीनामा दिलाय, त्याला ही लिंक आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!