एक-दोन गुंठ्यांचा सौदा करण्याआधी

40 गुंठे म्हणजे एक एकर, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शेतजमिनीतून एवढा तुकडा सुटा विकण्याला महाराष्ट्रात 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे सुटे विकता येणारे किमान क्षेत्र, बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे. शहरी हद्दीत आणि विकास आराखड्यातल्या बिगरशेती पट्ट्यांत 2025 मध्ये ही अट सैल झाली. म्हणून आधी झोन दाखला काढा.

खरा धोका सामाईक खरेदीत आहे. दहा-बारा जण मिळून एकरभर जमीन घेतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे एकाखाली एक चढतात आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारून ‘प्लॉट’ पाडले जातात. नकाशावर मात्र पोटहिस्सा नसतोच. पुढे बांधकाम परवानगी असो वा कर्ज, बाकी सगळ्यांच्या सह्या लागतात. एखादा सहहिस्सेदार वारला की त्याच्या वारसांच्याही. मंजूर रेखांकन नसलेला असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी टाळावाच.

2001 च्या गुंठेवारी कायद्याने जुनी वस्ती नियमित होऊ शकते, पण 31 डिसेंबर 2020 नंतरची नाही.

छोट्या विकासकासाठी: 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असल्यास महारेरा नोंदणी लागत नाही. 4,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या रेखांकनात मात्र 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. रस्त्यांची जागा वेगळी.