शिडाच्या होडीतला संसार : मोकळा किती, बांधलेला किती?

श्रोतेहो, ढोकीत उभं राहून समुद्रावर बोलायचं म्हणजे धाडसच. इथून अरबी समुद्र तीनशे किलोमीटरहून दूर. पण शेजारच्या तेरचं, म्हणजे जुन्या तगरचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांनी भडोचच्या बंदरात जात होतं, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आहे. तेव्हा समुद्र आपल्याला अगदीच परका नाही.

आजचा विषय आहे घरदार आवरून शिडाच्या होडीवर बारा महिने राहणाऱ्या माणसांचा. जगात अशी जोडपी, लेकराबाळांसह कुटुंबं पुष्कळ आहेत. तरुण मंडळी मोबाईलवर त्यांची चित्रं बघतात आणि आम्हाला म्हणतात, “सर, खरं स्वातंत्र्य हेच!” आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, ‘खरं’ हा शब्द आला की आमचे कान टवकारतात.

आता बघा, हे घर केवढं? बारा मीटरची होडी म्हणजे ऐसपैस समजायची. शेगडी टांगलेली असते, होडी कलली तरी ती सरळ राहावी म्हणून. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे सायकलीएवढा. वारा समोरून असेल तर त्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून, आधी या अंगाला, मग त्या अंगाला, अशी नागमोडी होडी न्यावी लागते. तळाचा जड कणा तिला आडवी घसरू देत नाही, म्हणून हे जमतं. शिवाय वादळांचा हंगाम टाळायचा. कोकणातले कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग बाहेर पडतात, तसंच. कुठं जायचं हे माणूस ठरवतो. कधी जायचं हे वारा ठरवतो. वाऱ्याचे सालगडीच म्हणा ना!

दुसरी बांधिलकी दुरुस्तीची. ऑटो नॉयराथ या तत्त्वज्ञानं मानवी ज्ञानाला एका नौकेची उपमा दिली होती. गोदीत न नेता, भर समुद्रात, तिच्यावरच उभं राहून खलाशांना तिची फळी न् फळी बदलावी लागते. आम्ही वर्गात हे रूपक म्हणून शिकवत होतो. होडीवाल्यांचं ते रोजचं काम आहे. आज पंप, उद्या दोर, परवा शिडाची शिवण. तळाला शिंपले चिकटतात, ते खरवडून वर्षा-दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. फायबरची होडी विकत घेताना जाणकार छोट्या हातोडीनं तिची कूस ठोकत जातो. आवाज बद्द आला की समजायचं, आतले थर सुटले. गोरोबाकाकांच्या मुलखात हे समजावून सांगायला नको. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली, असं आपण ऐकतच आलो आहोत.

या कथेत आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, जगात पहिल्यांदा. त्यांची ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, सागवानी. नौदलाची 56 फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेऊन 19 मे 2010 ला परतले. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दोंदे अर्थात नौदलाच्या कामगिरीवर होते, घर सोडून निघालेले नव्हते.

सोडून निघालेला माणूस म्हणजे बर्नार मोइतेसिए. नॉक्स-जॉन्स्टन यांच्याच शर्यतीत ते होते. शेवट आवाक्यात असताना त्यांनी शर्यत सोडली आणि तसेच पुढे ताहितीला गेले. किती मोकळा माणूस! पण त्यांची पत्नी फ्रान्समध्ये वाट पाहत होती, हेही हिशेबात धरलं पाहिजे. आणि एकटा निघालेला माणूसही एकटा नसतो. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अभिलाष टॉमींच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं.

आता पाणी. खरं तर यासाठीच आम्ही हा विषय ढोकीत घेतला. होडीच्या टाकीत काही शे लिटर पाणी. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार-पाच लिटर धरायचे, भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची, पाऊस आला की ताडपत्री ताणायची. लोक याला साधं राहणं म्हणतात, त्यावर पुस्तकं लिहितात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आपल्या ढोकी स्टेशनावरून गेली, एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या उन्हाळ्यात आपल्या आयाबाया हंड्याहंड्याचा हिशेब ठेवतच होत्या. त्याला साधं राहणं कुणी म्हटलं नाही. हिशेब दोन्हीकडे सारखाच काटेकोर. पण होडीवाला कंटाळला तर पुढच्या बंदरात टाकी भरतो, वाटलं तर होडी विकून गावी जातो. टँकरच्या रांगेतल्या बाईला ती सोय नाही. म्हणून आमच्या मते स्वातंत्र्य या टंचाईत नसून, ती हवी तेव्हा थांबवता येण्यात आहे. आणि ते बहुतेक वेळा समुद्रावर जाण्याआधीच, जमिनीवर मिळवलेलं असतं. पैसा, पासपोर्ट, शिक्षण, परतायला एखादं दार. तरुणांनी होडीचं चित्र जरूर बघावं, पण त्या चित्रात ही शिदोरी दिसत नाही.

काहींना हे पटणार नाही. पुढच्या बाकावरची मंडळी केव्हाची चुळबुळत आहेत, तेव्हा आता तुमचे प्रश्न घेऊ.