जीर्णोद्धार एका मळसूत्राचा

'घाई करूं नये' हें वाक्य शाळेंत मीं मुलांकडून किती वेळां लिहवून घेतलें असेल, याची गणना नाहीं. तेंच वाक्य मजवर उलटण्यास निवृत्तीनंतरची एक सकाळ पुरेशी झाली.

माझ्या दिवंगत वडील बंधूंची प्रीमियर पद्मिनी मोटार वहिनींनीं माझ्या स्वाधीन केली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी मूळच्या इटालियन फियाट ११०० ची वंशज. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीच्या टॅक्सींनीं २०२३ सालीं निरोप घेतला, तेव्हांपासून वहिनींचा तिजवर अधिकच जीव जडला आहे. अशा गाडीचा स्पार्क प्लग बसवितांना तो तिरपा तर लागला नाहीं ना, हें न पाहतांच मीं पान्ह्यास जोर दिला. प्रथम तो अडला. मग एकाएकीं सैल फिरूं लागला. हेडमधील आटे गेले! "भावजी, काय झालें?" या वहिनींच्या प्रश्नास मीं "कांहीं नाहीं" असें खोटें उत्तर दिलें.

या अनर्थाचें कारण समजून घेण्याजोगें आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, परंतु हेड ॲल्युमिनियमचें. हा धातु हलका व उष्णतेचा उत्तम वाहक खरा. पण पोलादाहून मृदु, आणि तापल्यावर त्याच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावणारा. मृदु आणि कठीण यांचा संघर्ष झाला कीं झीज मृदूच्याच वांट्यास येते.

मिस्त्रींनीं आधीं हेड उतरविलें, कारण धातूचा कीस सिलिंडरांत पडल्यास नवें संकट ओढवावयाचें. अशा दुरुस्तींत छिद्र मोठें करून खास टॅपनें नवे, रुंद आटे पाडतात व त्यांत पोलादाचें अस्तर बसवितात. साध्या बोल्टास हेलिकॉइल पुरते. ही चौकोनी छेदाच्या गंजरोधक तारेची स्प्रिंग असून, ती छिद्राहून किंचित् मोठी असल्यानें स्वतःच्या ताणानेंच घट्ट धरून राहते. ती पृष्ठभागाच्या जराशी खालीं बसवून तिची शेंडी मोडून काढावी लागते. प्लगाला मात्र ज्वलनाचा दाब सोसावयाचा असल्यानें मिस्त्रींनीं कडा असलेला भरीव पोलादी बुश पसंत केला. त्याच्या आंतील आटे मूळच्याच मापाचे, म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे, असल्यानें जुनाच प्लग चालतो; आणि हें पोलादी मळसूत्र पहिल्याहून टिकाऊ!

"मास्तर, प्लग बोटांनीं लावायचा, पान्ह्यानें फक्त आवळायचा," मिस्त्री म्हणाले. इंजिन पूर्ण थंड असावें. प्लगाच्या डोक्यावर रबरी नळी बसवून तो फिरवावा. आटे चुकले तर नळीच घसरते. तो तळास टेंकल्यावर वॉशरसहित नवा प्लग सुमारें अर्धाच वेढा आवळावा. वापरलेल्यास याहून पुष्कळच कमी पुरतो.

तितक्यांत मिस्त्रींनीं हेडमधील दुसऱ्या छिद्राकडे बोट दाखविलें. त्यांत पूर्वींच एक पोलादी बुश बसविलेला होता! गाडीस दादांखेरीज कोणाचा हात लागत नसे. संध्याकाळीं मीं वहिनींना सर्व खरें सांगितलें. त्या बराच वेळ हंसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे यांनीं मला सांगितलें नाहीं, तें तुम्हीं सांगितलेंत."