उजेड बघून रंग

पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर बाईचं पहिलं वाक्य काय असणार, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानं पाठ झालं आहे. "ताई, जरा उजळ दिसेल असं करा हं!" नवरी असो, करवली असो की मुलाच्या मुंजीत मिरवायला निघालेली आई असो, वाक्य तेच. "मी छान दिसेन असं करा," असं म्हणणाऱ्या फार थोड्या. 'उजळ' आणि 'छान' हे दोन शब्द आपल्याकडे इतके चिकटून बसले आहेत की ते वेगळे करायचे म्हटलं तर ओढूनच काढावे लागतात.

दोष त्या बाईचा नाही. रविवारच्या पुरवणीतल्या 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' अशा जाहिराती वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. घरातलं बोलणंही तसंच. "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस!" या वाक्यातला 'पण' मला फार बोचतो. तो 'पण' लहानपणापासून ऐकलेली मुलगी माझ्यासमोर बसते, तेव्हा तिला मेकअप हवा नसतो. तिला तो 'पण' पुसून हवा असतो. आणि ते काम कुठल्याही डबीतल्या क्रीमला जमत नाही.

मेकअपचा खरा संबंध गोरेपणाशी नाहीच. तो आहे उजेडाशी. कोणत्या उजेडात, किती अंतरावरून आपल्याला लोक बघणार आहेत, एवढं ज्या बाईला कळलं, तिला निम्मी रंगभूषा आली असं मी मानते.

आधी उजेड, मग रंग

रंगभूमीवरच्या लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसायचे, तर भुवया आणि ओठ ठळक रंगवावेच लागत. तोच चेहरा दिवसा रस्त्यावर आणला असता, तर पोरं मागे लागली असती. सिनेमा रंगीत झाला तेव्हा हॉलीवूडलाही हीच अडचण आली. जुना तेलकट रंग प्रखर दिव्यांखाली चकाकायचा आणि आजूबाजूच्या रंगांची झाक चेहऱ्यावर दिसायची. मग मॅक्स फॅक्टरच्या कंपनीनं ओल्या स्पंजानं लावायचा, न चकाकणारा 'पॅनकेक' तयार केला. १९३७ साली पडद्यावर आलेल्या 'व्होग्ज ऑफ १९३८' या चित्रपटात तो वापरला गेला. नट्या तो घरी घेऊन जाऊ लागल्या आणि मग तो दुकानात आला. म्हणजे आज आपण ज्याला फाउंडेशन म्हणतो, त्या घराण्यातली एक मोठी वस्तू गोरं होण्यासाठी नव्हे, तर दिव्यांशी जमवून घेण्यासाठी जन्माला आली!

आपल्या घरातही तीन-चार प्रकारचे उजेड असतात. खिडकीतला दिवसाचा उजेड सगळ्यांत प्रामाणिक. तो काही लपवत नाही. ट्यूबलाइट लाल रंग खाते, त्यामुळे तिच्याखाली लिपस्टिक फिकी वाटते आणि आपण आणखी एक हात फिरवतो. पिवळ्या दिव्याखाली सगळंच ऊबदार, सुंदर दिसतं आणि बाहेर पडल्यावर फजिती होते. म्हणून माझा पहिला सल्ला फुकटातला आहे. सकाळी तयार होताना आरसा खिडकीसमोर न्या. खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. संध्याकाळच्या समारंभासाठी मात्र हॉलमध्ये जसे दिवे असतील, तशाच दिव्याखाली शेवटची नजर टाका.

रोजचा चेहरा

७.५२ची लोकल पकडणाऱ्या बाईला मेकअपसाठी पाच मिनिटं मिळाली तरी खूप. तेवढी पुरतात. चेहरा धुवायचा, हलकं मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन. सनस्क्रीन हा नखरा नव्हे. गालावरच्या वांगाचे डाग उन्हानं गडद होतात, त्याला थोडा आळा बसतो. मग डोळ्यांत काजळाची बारीक रेघ, ओठांवर रंग आणि कपाळाला टिकली. संपलं.

पावडर सगळीकडे थापायची नाही. कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी इथंच तेल सुटतं, तिथंच ती हवी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामावर पावडर मारली की तिचे पापुद्रे होतात. आधी रुमालानं घाम टिपायचा (पुसायचा नाही, टिपायचा), मगच पावडर. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट. तिथं पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते, तेव्हा क्रीमच बरं.

काजळ पसरतं ही तक्रार नेहमीची. खालच्या पापणीच्या कडेखाली बोटानं किंचित पावडर दाबून घ्या, फरक दिसेल. लिपस्टिक टिकवायची तर एकदा लावून कागदानं टिपा आणि पुन्हा एक पातळ हात द्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाला विटकरी, डाळिंबी, मरून, तपकिरी हे रंग खुलतात. पांढरट गुलाबी रंग ओठांवर खडूसारखा दिसतो. आणि एक विनंती. कल्याणच्या आधी गाडी रूळ बदलते, त्या खडखडाटात डोळ्यांत पेन्सिल घालू नका. लिपस्टिक खुशाल लावा!

राखाडी नवरी

आता फाउंडेशन. सगळी गफलत इथं होते. दुकानात आपण मनगटावर लावून बघतो, पण मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेला, मानेला लागून तीन जवळच्या छटांच्या रेघा ओढा, दारात येऊन उजेडात बघा आणि दहा मिनिटं थांबा, कारण हवा आणि त्वचेचं तेल लागून रंग थोडा बदलतो. जी रेघ दिसेनाशी होईल, ती तुमची. फिकी छटा घेतली की तिच्यातला पांढरा रंग सावळ्या कातडीवर राखाडी दिसतो. लग्नाच्या अल्बममध्ये तोंड राखेसारखं, मान सावळी आणि मेंदीचे हात तिसऱ्याच रंगाचे, असे फोटो सगळ्यांच्या घरी असतील. त्यात फ्लॅश पडला की सनस्क्रीन आणि पावडरीतले पांढरे कण तो परतवून लावतात आणि चेहरा आणखी पांढरा येतो.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरही पांढुरकं काही थापू नये. तिथं आधी नारिंगी झाक असलेलं करेक्टर अगदी थोडं लावायचं. नारिंगी रंग निळसर काळेपणा मारतो. त्यावर आपल्या वर्णाचा पातळ थर पुरतो.

काही वर्षांपूर्वी साखरपुड्याच्या मेकअपची चाचणी घ्यायला एक बँकेत काम करणारी मुलगी आली. सोबत आई आणि आजी. मुलीचा वर्ण छान तुकतुकीत सावळा. आई म्हणाली, "ताई, दोन शेड तरी वर न्या. त्यांच्याकडचे सगळे गोरे आहेत." मी वाद घातला नाही. मुलीच्या डाव्या गालाला आईनं सांगितलेली छटा लावली, उजव्या गालाला तिची स्वतःची, आणि तिघींना गॅलरीत उजेडात नेलं. आजीनं चष्मा वर केला, नातीची हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग उजव्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "ही आपली. पलीकडची कोण गं?" आई काही बोलली नाही. मुलगी मात्र हसली, आणि चेहरा उजळणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

संध्याकाळ

संध्याकाळी रंग चढवावा लागतो, कारण कृत्रिम उजेडात चेहऱ्याचे उंचसखल भाग सपाट होतात. पण चढवायचा म्हणजे सगळाच नव्हे. डोळे तरी बोलू द्या, नाहीतर ओठ तरी. दोघं एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. पैठणी आणि सोन्याचे दागिने असतील, तर त्यांची चमक चेहऱ्यावर येतेच. वर पुन्हा चकाकती पावडर नको. जांभळी किंवा हिरवी साडी असली म्हणून पापण्याही जांभळ्या-हिरव्या केल्याच पाहिजेत असं नाही. तपकिरी आणि फिकट सोनेरी रंग सगळ्यांशी जमवून घेतात.

नवरीचं गणित आणखी वेगळं. सकाळचा मुहूर्त म्हणजे दिवसाचा उजेड, होमाचा धूर आणि डोळ्यांना पाणी. तिथं न पसरणारं काजळ आणि पातळ थर हवा. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासतो, म्हणून कपाळावर फाउंडेशन अगदी नावाला लावायचं. संध्याकाळच्या रिसेप्शनला व्हिडिओवाल्याचे प्रखर दिवे तोंडावर असतात; तेव्हा गालाचा आणि डोळ्यांचा रंग वाढवावा. आणि सकाळच्या थरावर संध्याकाळचा थर चढवू नये. मध्ये चेहरा पूर्ण उतरवून, धुऊन, तासभर तरी त्याला मोकळा श्वास घेऊ द्यावा. उतरवायला खोबरेल तेलाचे चार थेंब आणि कापूस उत्तम, पण नंतर चेहरा धुवायला मात्र विसरू नये.

फणेरपेटीतलं बरंवाईट

आमच्या आज्यांच्या फणेरपेटीत चारच गोष्टी असत. फणी, आरसा, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन घरी कुंकू होई. एरंडेलाच्या दिव्यावर ताट पालथं घालून धरलेली काजळी तुपात खलली की काजळ तयार. मग घराघरांत स्नो-पावडर आली. मुंबईच्या पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' १९१९चा. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेरावरून आलं आणि ते आपल्या 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप आहे. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि घरातल्या त्या 'पण'ला ट्यूब मिळाली. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. बोलण्यातला 'पण' जायला अजून वेळ लागेल असं दिसतं.

आज बाजारात छटांची वाण नाही. २०१७ साली 'फेन्टी ब्यूटी' या परदेशी कंपनीनं एकदम चाळीस छटांचं फाउंडेशन काढलं आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या बायकांनी ते उचलून धरलं. तेव्हापासून आपल्या रंगाची बाटली शोधणं पुष्कळ सोपं झालं आहे.

पण जुनं ते सगळं निर्धोक, असं मी म्हणणार नाही. सुरमा म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा गॅलिना हे शिशाचं खनिज असतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर काहीच घालू नये. बाजारातल्या कुंकवात रासायनिक रंग असतात आणि काहींना त्यानं खाज सुटते. टिकलीच्या मागच्या डिंकातल्या काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. रात्री टिकली काढून ठेवावी आणि डाग दिसला तर टिकली मोठी करून तो झाकू नये, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावा.

सगळ्यांत घातक म्हणजे लेबल नसलेली 'आठ दिवसांत गोरं' करणारी क्रीमं. त्यांपैकी काहींत पारा असतो. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग खरंच फिका होतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. आपल्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांची प्रसाधनं सोडता, नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. दुसरा प्रकार स्टिरॉइडच्या मलमांचा. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा आदेश २०१८ साली निघाला, तरी मैत्रिणीनं सांगितलं म्हणून ती लावली जातातच. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. नंतर कातडी पातळ होते, लालसर होते, पुटकुळ्या आणि लव येते, आणि मलम थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. माझ्याकडे अशा मुली येतात, तेव्हा मी ब्रश खाली ठेवते आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवते.

काजळ, मस्कारा आणि लिपस्टिक बहिणीबहिणींतही वाटून वापरू नये. मस्कारा तीन-चार महिन्यांत टाकून द्यावा. नवी वस्तू आधी कानामागे लावून एक दिवस थांबावं. घेताना डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का बघावं. वाचायला चष्मा लागला तर लावावा.

दहावी-बारावीच्या वयात मुली आरशासमोर रेंगाळू लागतात. तेव्हा आयांनी रागावू नये. उलट एखाद्या रविवारी सकाळी तिला खिडकीपाशी बसवावं, तिच्याच वर्णाची एक छटा, एक काजळ, एक विटकरी लिपस्टिक आणून द्यावी आणि कसं लावायचं, कसं उतरवायचं ते दाखवावं. त्या वेळी तिच्या रंगाबद्दल एकही 'पण' तोंडून निघू देऊ नये. एवढी एक गोष्ट घरातून मिळाली, तर पुढे आमच्यासारख्यांचं काम फार सोपं होतं.