चौकोन आखून घेतलेला देश

आयोवा किंवा कॅन्ससचं उपग्रहचित्र पाहिलं तर शेतं चौकोनी दिसतात आणि बरेचसे रस्ते मैल-मैल अंतरावर एकमेकांना काटकोनात छेदतात. मध्ये ओढा येवो की टेकडी, चौकट सहसा मोडत नाही. ही आखणी शेतकऱ्यांनी केलेली नाही. तिचं मूळ 20 मे 1785 रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने केलेल्या एका कायद्यात आहे. त्या देशाचा पश्चिमेकडचा विस्तार म्हटला की बंदुका, रेल्वे आणि सोनं आठवतं. माझ्या मते या चौकोनाने त्याहून कमी काम केलेलं नाही, म्हणून तो जमिनीवर कसा उतरला ते पाहू.

1783 च्या तहात ब्रिटनने ओहायो नदीपलीकडचा मुलूख नव्या सरकारच्या स्वाधीन केला. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या शॉनी, डेलावेअर, मायामी लोकांना कुणी विचारलं नाही. सरकार कर्जात बुडालेलं होतं. जमीन विकून कर्ज फेडायचं ठरलं, आणि विकायची तर आधी मोजायला हवी.

मोजणीचं साधन होतं लोखंडी साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास ती बेतली : लांबी 66 फूट, कड्या 100. अशा 80 साखळ्यांचा एक मैल होतो आणि 10 चौरस साखळ्यांचा एक एकर. म्हणजे लांबी-रुंदी साखळ्यांत मोजून गुणायची, दहाने भागायचं, की एकर हातात. पुढचा गडी साखळी ताणून टोकाशी लोखंडी खुंटी रोवायचा, मागचा ती उपटून घ्यायचा. मागच्याच्या हाती दहा खुंट्या जमल्या की दहा साखळ्या झाल्या. दिशा होकायंत्राने धरायची, आड येणारी झाडं कुऱ्हाडीने तोडायची. उतारावरही साखळी आडवी, समपातळीत धरायची, कारण नकाशाला चढ-उतार नसतात. कोपऱ्यावर खांब ठोकायचा, जवळच्या झाडांवर खुणा करायच्या आणि त्यांची दिशा व अंतर वहीत लिहायचं, म्हणजे पुढे खांब कुजला तरी जागा सापडते. त्याच वहीत माती कशी आहे, पाणी कुठे आहे, याच्याही नोंदी असत. त्यामुळे शेकडो मैलांवर बसलेल्या माणसाला जमीन न पाहताच ती विकत घेता येई.

सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक ‘टाउनशिप’. त्याचे 36 ‘सेक्शन’, प्रत्येक 640 एकरांचा. सोळावा सेक्शन गावच्या शाळेसाठी राखून ठेवलेला. ही तरतूद खरोखर दूरदृष्टीची होती. सेक्शनचा चौथा हिस्सा 160 एकर. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा हळूहळू जवळ येतात, म्हणून ठरावीक अंतरावर त्या पुन्हा नव्याने मांडाव्या लागतात. सरळ रस्ता मध्येच विनाकारण वळल्यासारखा दिसतो, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

एकराचं हेच माप इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आलं. मुंबई इलाख्याच्या मोजणीत 33 फुटी, म्हणजे गंटरच्या निम्म्या लांबीची साखळी वापरली जाई. 33 फूट लांब-रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. पण 1830 च्या दशकात इंदापूरकडे सुरू झालेली मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी होती. शेत कोण कसतो हे तिला नोंदवायचं होतं, म्हणून आपल्या शेतांचे बांध वेडेवाकडेच राहिले. ओहायोत मात्र मुलूख रिकामा आहे असं धरूनच रेषा मारल्या गेल्या.

मुलूख रिकामा नव्हता. सरकारी भूगोलतज्ज्ञ टॉमस हचिन्स याने 30 सप्टेंबर 1785 रोजी ओहायो नदीच्या काठावरून मोजणी सुरू केली आणि मूळ रहिवाशांच्या हल्ल्याच्या धास्तीने काही मैलांतच थांबवली. 1791 मध्ये तिथल्या जमातींनी एकत्र येऊन अमेरिकी फौजेचे सहाशेहून अधिक सैनिक मारले. 1794 मध्ये त्यांचा पराभव झाला, आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. 1823 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्यावर कायद्याचा शिक्का उमटवला : ज्या युरोपीय सत्तेने प्रदेश ‘शोधला’ तिची मालकी, आणि मूळ रहिवाशांना फक्त वहिवाटीचा हक्क. आपल्या घरात राहणाऱ्या माणसाला त्या घराचा मालक न मानणारा हा निकाल मला त्या काळाच्या मोजमापानेही अन्यायाचा वाटतो.

पुढे 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर, किरकोळ शुल्क सोडल्यास फुकट मिळू लागले. या कायद्याखाली एकूण सुमारे 27 कोटी एकर वाटले गेले आणि लाखो गरीब कुटुंबांना पोटापुरती शेती मिळाली, हेही खरं आहे. 1887 मध्ये डॉज कायद्याने तोच चौकोन मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशांवर टाकला. जमातीची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला 160 एकरांचा तुकडा द्यायचा आणि उरलेली ‘जादा’ ठरवून इतरांना खुली करायची, अशी ती पद्धत. त्या वर्षी त्यांच्याकडे सुमारे 13.8 कोटी एकर जमीन होती. 1934 मध्ये हे धोरण थांबलं, तेव्हा सुमारे 4.8 कोटी एकर उरली होती.