मे महिन्यातली एक बादली

चंद्रपुरात मे महिन्यात कूलरची ताटी उघडली, की गवतावर पांढरा खरखरीत थर दिसतो. माझ्या फिशटँकच्या काचेवर, पाण्याच्या रेषेला तसाच थर दिसला तेव्हा माझा गाढवपणा मला कळला.

टाकी दोन फुटी. 60 बाय 30 सेंटिमीटर, पाणी 30 सेंटिमीटर उंच, म्हणजे 54 लिटर. पारा पंचेचाळीसवर गेला, की झाकण काढून वर छोटा पंखा लावायचा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण रोज सेंटिमीटरभर उडूनही जातं, म्हणजे 1.8 लिटर. मी तांब्यानं बोअरचं पाणी ओतायचो आणि मनाशी म्हणायचो, रोज ताजं पाणी पडतंय, मग बदलायचं कशाला? तीस दिवसांचा गुणाकार केला तर आले बरोबर 54 लिटर. अख्खी टाकी हवेत गेली होती. तिच्यातले क्षार मात्र खालीच राहून दुप्पट झाले होते.

क्षार निदान दिसतात तरी. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, फिल्टरच्या स्पंजातले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या नायट्रेटला बाहेरची वाट बादलीचीच. त्यात आपला उन्हाळा. पाणी 20 अंशांवर असताना त्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. अमोनियाही गरम पाण्यात जास्त जहरी होतो.

हे वाचून घाबरलो आणि एका दुपारी सगळंच पाणी काढलं. गच्चीवरच्या टाकीतलं भरलं, स्पंजही नळाखाली घासघासून धुतला. संध्याकाळी चार मॉली उताण्या. दुकानदार म्हणाला, "भाऊ, घर साफ केलं का पाडलं?"

आता शनिवारी रात्री इरई धरणाच्या, म्हणजे नळाच्या पाण्याची बादली टाकीशेजारी भरून ठेवतो. रात्रीत क्लोरीन उडतो, तापमानही जुळतं. रविवारी सकाळी नळीनं तळाचा गाळ ओढत एक बादली काढायची, साधारण पाव टाकी, आणि ही ओतायची. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. रोजची उडालेली भर आरओच्या पाण्यानं, त्यात क्षार नावापुरते. मासे जास्त असतील तर आठवड्यात दोनदा. माझ्या मेव्हण्याच्या टाकीत ते मावेनासे झालेत, पण सांगणार कोण?

नागभीडकडचे मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, मे अखेरीस असेच आटत जातात. त्यांचं जुनं पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून जातं. माझ्या टाकीचं गढूळ, माशांच्या विष्ठेचं पाणी मोगऱ्याला घालतो. सकाळी सातच्या आत घालावं लागतं, नंतर कुंडीच तापलेली असते.